पुनर्नवा सस्पेन्शन, लकडगंज

सावनेर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीप यास ताईचा सप्रेम जय भीम.

मी काहीही विचारलं की तू व्हॉट्सअॅपवर वर केलेला अंगठा पाठवतोस. तुझ्या आईच्या, माझ्या सिंधूमावशीच्या, बीपीचं विचारलं, अंगठा. तुझी मेघा बरी आहे का विचारलं, अंगठा. परवा माझे चुलतसासरे वारल्याचं कळवलं, त्यालाही अंगठा. तेव्हा आजपासून आपला व्यवहार पोस्टाने. कागदावर अंगठा उमटवायला माणूस निदान निरक्षर असावा लागतो, आणि तुला बाराखडी मीच शिकवलेली असल्यामुळे ती सोय तुला नाही.

बातमी अशी की माझी गाडी आता बोलत नाही. दिवाळीआधीपासून पुढचं चाक खड्ड्यात गेलं की "कटक" म्हणायचं आणि वळलं की कण्हायचं. इथला मेकॅनिक बाबाराव गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, लोअर आर्म गेले. बॉल जॉइंटबी खलास." लोअर आर्म म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात आणि बॉल जॉइंट म्हणजे त्या हाताचं मनगट, एवढं ज्ञान मला तुझ्या कृपेने आहे.

रागावू नकोस, पण मी नवे बसवले. तू जुने आर्म गोळा करतोस, धुतोस, त्यांचे रबरी बुश आणि जॉइंट बदलतोस, रंगवून पुन्हा विकतोस. हे सगळं स्तुत्य आहे. पण वर्गात मला दरवर्षी रिकंडिशन केलेले विद्यार्थीच मिळतात; चाकाशी तरी नवा माल असावा, अशी इच्छा झाली.

बाबारावाने ते नागपुरातून सीलबंद खोक्यातून आणले आणि बसवताना डोळे भरून पाहिले. "पाहा मॅडम, कंपनीचं कामच वेगळं. जॉइंटच्या रबरी टोपीवर तार आवळली आहे नं, तिचा पीळ उलटा आहे. नवीन पद्धत काढलेली दिसते." गाडी आता पाण्यावरून चालल्यासारखी चालते. तुझ्या मालाने अशी चालली असती का, हा प्रश्न मी विचारत नाही. मनात मात्र येतो.

तुझी
नंदिनीताई


लकडगंज, नागपूर
२५ नोव्हेंबर

ताई, सप्रेम जय भीम.

अंगठ्याची माफी. चुलतसासऱ्याच्या वेळी बोट घसरलं, हात जोडाचे होते.

गाडी चांगली चालून राहिली हे वाचून बरं वाटलं. राग नाही. पण मले काही गोष्टी सांग. पीळ उलटा म्हणजे कोणीकडं? सोता वाकून पाह्य, बाबारावाले विचारू नको. आर्मच्या मागच्या अंगाले, जिथं रंग सुकवाले टांगते, तिथं हुकाची खूण आहे का? अन् खोकं कोणत्या दुकानाचं?

काहून विचारतो ते मंग सांगतो. कोणापाशी बोलू नको.

धम्मदीप


सावनेर
२ डिसेंबर

चि. धम्मदीप,

इतकी गुप्तता मी प्रेमपत्रांतही पाहिलेली नाही. अर्थात आमच्या कॉलेजात पकडली जाणारी प्रेमपत्रं हाच माझा नमुना.

तुझ्या आज्ञेप्रमाणे परवा पार्किंगमध्ये पदर खोचून गाडीखाली डोकं घातलं. नेमके प्राचार्य आले. "मॅडम, काही हरवलं का?" म्हटलं, "हो सर, भावाची मनःशांती." ते हळहळून निघून गेले.

तर पीळ डावीकडे आहे. मागच्या बाजूला नखाएवढी हुकाची खूण आहे. खोक्याचा बाबारावाच्या मुलीने बाहुलीचा पलंग केला आहे. त्यावरचं दुकान तुमच्या लकडगंजच्या मनोहररावांचं. वर मोठ्या अक्षरात "एकदम ओरिजिनल नवा" असंही छापलं आहे.

तुझं दुखणं मला कळलं. कंपनीची नवी पद्धत तुला शिकायची आहे आणि विचारायला लाज वाटते. खुशाल शीक. मत्सराने माणूस काळा पडतो म्हणतात. तू तर आधीच दिवसभर ग्रीसमध्ये असतोस, फरक कळायचा नाही.

नंदिनीताई


लकडगंज
८ डिसेंबर

ताई, सप्रेम जय भीम.

मी डावखुरा आहे हे तू विसरली वाट्टे. पाटीवर 'क' डाव्या हातानं काढला म्हणून तूच रट्टा देल्ता. उजव्या हाताचा माणूस तार आवळते तं पीळ उजवीकडं जाते. माह्या हातानं तो डावीकडंच जाते. कंपनीनं काही पद्धत काढली नाही वं. तुह्या गाडीले जे नवे आर्म लागले ते मीच बनवले. ती हुकाची खूण माह्या शेडातल्या हुकाची.

मेघाले तुयं पत्र वाचून दाखवलं. ती काउंटरवर बसल्या बसल्या एवढी हसली का गिऱ्हाईकानं पाणी आणून देलं.

मले पहिले हसू आलं, मंग नाही आलं. मनोहरभाऊ माह्याकडून थोकात माल नेते. मले सांगे का खेड्यापाड्यातल्या गाड्याइले लागते, तिकडं रिकंडिशन म्हणूनच विकतो. अन् खोक्यात भरून नवा म्हणून विकून राहिला. माल खराब नाही, ताई. वाकलेला आर्म मी ठोकून सरळ करत नाही, भंगारात टाकतो. जुना जॉइंट पुन्हा लावत नाही. पण मी ज्याले विकतो त्याले तोंडानं सांगतो, "भाऊ, हा जुना होता, मी बनवला. वर्षातून एकदा चाक उचलून दाखवून जा." जो नवा समजून बसवन तो काहून दाखवन? झिजलेला जॉइंट एखाद्या दिवशी रस्त्यात सुटला तं चाकच आडवं होते. आतमंदी तुह्यासारखं कोणी बसलं असन.

आता मोठी गोष्ट. माह्या मालातला बारा आणे माल तोच उचलते. त्याले नाही म्हणलं तं शेडाचं शटर खाली येईन. मेघा म्हणते, "येऊ द्या, पण त्याले माल देऊ नका." मले भेव नाही. पण माल बाजारात गेल्यावरबी तो जुना आहे हे कोणाले लपवता नाही आलं पाह्यजे. असं काय करू?

तू मात्र एकदा चाक दाखवून जाय.

धम्मदीप


सावनेर
१५ डिसेंबर

चि. धम्मदीप,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गाडीची स्तुती करत होते, स्टाफरूममध्ये, मोठ्याने. पुढचं काही सांगत नाही.

सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही म्हण मी वर्गात वीस वर्षं शिकवते आहे. तिचं प्रात्यक्षिक माझ्याच गाडीखाली होतं. तुझ्या मालाने गाडी अशी चालली असती का, हा मनातला प्रश्न मागे घेते. उत्तर आलं आहे.

आता उपाय. तुझं संकट लोखंडाचं नाही, शब्दाचं आहे. "जुना" म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, "नवा" म्हटलं की तू खोटा पडतोस, आणि "रिकंडिशन" हा शब्द एसी दुरुस्त करणाऱ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. मी संस्कृत घेतलं तेव्हा कॉलेजातले म्हणाले, "तुम्ही? आणि संस्कृत?" आपल्या वस्तीतले म्हणाले, "काहून? पाली काय वाईट आहे?" दोघांनाही मी पहिली येऊन गप्प केलं. ते शिक्षण आज लोखंडाच्या कामी येऊ दे. शब्द घे: पुनर्नवा. पुन्हा नवी झालेली. यात जुनेपण कबूल आहे आणि नवेपणाचा मानही आहे. दुकानावर पाटी लाव, "पुनर्नवा सस्पेन्शन". आणि प्रत्येक आर्मवर, धक्के गिळणाऱ्या प्रत्येक शॉकअपवर पहिल्या अक्षराचा ठसा मार: पु. रंगाखालून दिसेल असा खोल. मग मनोहररावांनी खोक्यात घालू दे नाहीतर पालखीत.

ठसेवाल्याला अक्षर नीट लिहून दे. तुझ्या अक्षराबद्दल मी आशावादी नाही.

नंदिनीताई


लकडगंज
११ जानेवारी २०२५

ताई, सप्रेम जय भीम.

पाटी लावली. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी आली, पाय सुजलेले. म्हणे, "पुनर्नवा ताजी हाय का वाळलेली?" मेघानं सांगतलं का आजी, इथं गाडीच्या चाकाचं सामान भेटते. आजी म्हणे, "सांधेच नं? मंग माह्यासाठी बी पाहा." तुह्या शब्दाची एक वनस्पती असते, अन् ती सुजेवर चालते, हे तुले माहीत होतं का नव्हतं? आतापर्यंत पाचसहा लोक काढा मागून गेले. एकानं तं शॉकअपमधलं तेल पाहून विचारलं, "हे लावाचं का प्याचं?"

ठसा आला. अक्षर मी नीट लिहून देलं होतं, ठसेवाल्यानं दीर्घ काढला. पू. नवा करून मागतलं तं म्हणे चार रोज लागन, अन् माल तयार पडला होता. मी मारून टाकला. एका अक्षराच्या शेपटीनं काय होते?

मनोहरभाऊ माल न्याले आला, आर्म उचलला, अन् थांबला.

"हे काय कोरलं बे?"

"खूण आहे, भाऊ. माह्या हातचा माल ओळखू याले पाह्यजे."

"घासून टाक."

"घासला तं तिथं खड्डा पडते. मंग खड्डा पाहून ओळखतीन."

"धंदा करून राहिला का कीर्तन?"

"धंदाच. म्हणून तं नाव टाकून राहिलो."

"मंग तुहा माल तूच मांडीवर घेऊन बस." असं म्हणून गाडी रिकामी घेऊन गेला.

तेव्हापासून मांडीवर घेऊनच बसलो आहे. रॅक भरले. मेघा म्हणते, "आता जेवाले तरी घरी लवकर येता." रोजचे फुटकळ गिऱ्हाईक आहेत, पण तेवढ्यावर शेडाचं भाडं निघत नाही.

धम्मदीप


सावनेर
१८ जानेवारी

चि. धम्मदीप,

एका अक्षराच्या शेपटीने काय होतं, विचारतोस? पु ऱ्हस्व असता तर पुनर्नवा. पू दीर्घ म्हणजे जखमेत होतो तो. तू लकडगंजमध्ये बसून लोकांच्या गाड्यांना गळू झाल्याचं जाहीर करतो आहेस. तुझं पत्र वाचून मी पाणी प्यायले, खिडकीशी जाऊन आले आणि पुन्हा वाचलं. पू तसाच होता.

पण मग मला एक आठवलं आणि मी एकटीच हसले. संस्कृतात 'पू' हा धातू आहे, दीर्घच. अर्थ: शुद्ध करणे, गाळून स्वच्छ करणे. पवित्र, पावन हा सगळा त्याचाच गोतावळा. धुणं, घासणं, मळ काढणं, म्हणजे तू शेडमध्ये जे करतोस तेच. ठसेवाल्याने चुकून माझ्यापेक्षा नेमका शब्द कोरला. तेव्हा नवा ठसा करू नकोस. आणि घासून पुसलेल्या खुणेचा खड्डा ओळखू येतो, हे फारच आवडलं. व्याकरणातही प्रत्यय गळून पडला तरी त्याचं काम चालूच राहतं. तू चुकून वैयाकरण झाला आहेस.

काढ्याबद्दल: हो, वनस्पती ठाऊक होती. आपल्याकडे घेटुळी म्हणतात. शब्दाच्या मोहात विसरले. आजीला माझा नमस्कार सांग आणि डॉक्टरकडे पाठव.

रॅक भरले म्हणून खचू नकोस. चांगला माल वाट पाहू शकतो. खोटाच घाईत असतो.

नंदिनीताई


लकडगंज
२ फेब्रुवारी

ताई, सप्रेम जय भीम.

फोन करणार होतो. पण फोनवर तू बोलते अन् मी हो हो करतो, म्हणून लिहून राहिलो.

मनोहरभाऊ परत आला. पेढे घेऊन. म्हणे, "झालं गेलं सोड. सगळा रॅक उचलतो, पुढचाबी माल माह्याच नावानं बनव. आधीच्यापेक्षा दुप्पट." मी म्हणलं, ठसा राहीन. म्हणे, "राहू दे नं! ठसा पाह्यजेच." मले वाटलं, चला, सुधारला बावा. आईनं पेढा खाल्ला.

पहिली खेप मी सोता घेऊन गेलो. त्याच्या काउंटरवर एक टॅक्सीवाला उभा होता. त्यानं आर्म हातात घेऊन ठशावर बोट ठेवलं, "हे पू काय आहे, शेठ?" अन् मनोहरभाऊ काय बोलला आयक. "पू म्हणजे पूर्ण. पूर्ण नवा. कंपनी आता मराठीत शिक्का मारते, सरकारी नियम आला नं." टॅक्सीवाला खुश. मनोहरभाऊनं माह्याकडं पाहून डोळा मारला.

बाहेर आल्यावर मी बोललो. तो म्हणे, "मी काय खोटं बोललो? तुले तुह्या पू चा अर्थ माहीत आहे का? तुह्या बहिणीले विचार, दहा अर्थ निघतीन. मी त्यातला एक काढला."

खेप मी वापस नाही आणली. हे तुले सांगतो, मेघालेबी सांगतलं. तिनं फक्त पेढ्याचा डब्बा उचलून बाहेर गायीले ठेवला. टॅक्सीवाल्याची गाडी रोज विमानतळाले पॅसेंजर नेते. एवढी मोठी ऑर्डर आपल्या शेडाले कधी आली नव्हती, अन् पुढची खेप शुक्रवारी द्याची आहे. काय करू सांग. तुया धातू वगैरे नको सांगू. करू काय ते सांग.

धम्मदीप


सावनेर
५ फेब्रुवारी

धम्मदीप,

मनोहरराव वाह्यात आहेत पण वाचक चांगले आहेत. त्यांनी माझा शब्द माझ्यापेक्षा नीट वाचला. मी पुनर्नवा सुचवला तो सुंदर होता म्हणून. सुंदर अशासाठी, की त्यात "जुना" हा शब्द कानावर पडत नव्हता. खोक्यावर त्यांनी जे केलं तेच मी संस्कृतात केलं. माझ्या खोक्याला जरीकाठ होता एवढंच. धातूवर मी जे पानभर लिहिलं ते फाडून टाक. ज्या अक्षराचा अर्थ सांगायला विभागप्रमुख लागते, ते अक्षर काउंटरवर काय कामाचं?

ठसा कर: जुना. पूर्ण शब्द, दोन अक्षरं. ऱ्हस्व दीर्घ कसाही येऊ दे, सावनेरपासून कुहीपर्यंत कोणीही दुसरा अर्थ काढून दाखवावा. पाटीवरही तेच. शुक्रवारची खेप देऊ नकोस. टॅक्सीवाल्याला शोध; विमानतळाचा स्टँड लहान आहे, सापडेल. त्याला जे सांगायचं ते तुझ्याच भाषेत सांग, ती माझ्या भाषेपेक्षा कमी फसवी आहे.

शटर खाली येईल का, मला माहीत नाही. ते येणार नाही असं सांगून तुला धीर देण्याइतका चांगला शब्द माझ्याकडे आज नाही.

बाबारावाला मी सगळं सांगितलं. तो माझ्या चाकाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, मी ज्याची तारीफ केली ते जुनं होतं?" म्हटलं, हो. "अन् त्याच्या आधी तिथूनच दुसऱ्या गाडीले दुसऱ्या कंपनीचे खरे नवे आणले, ते चार महिन्यात गेले." चाकावर थाप मारली. "तुमच्या भावाचा पत्ता द्या."

मेघाला सांग, गायीचं मला पटलं.

ताई


लकडगंज
३० मार्च

ताई, सप्रेम जय भीम.

उशीर झाला. हात रिकामा नव्हता.

तुयं पत्र बुधवारी टाकलेलं शुक्रवारी सकाळी भेटलं. मनोहरभाऊचा माणूस गाडी घेऊन आला तं त्याले रिकामा पाठवला. टॅक्सीवाला स्टँडवरच सापडला, प्रल्हाद नावाचा आहे. पहिले माह्या अंगावर धावून आला. मी म्हणलं, "भाऊ, माल मीच बनवला, चांगला आहे, पण नवा नाही. गाडी शेडात आण, चाक उचलून दाखवतो. नको असन तं काढून घेतो." आणली. सगळं पाहलं. खाली वाकून, हात लावून. म्हणे, "राहू द्या. पण मले नवा म्हणून काहून देलं?" याचं उत्तर ज्याच्यापाशी होतं त्याच्या दुकानात तो गेला. सोबत स्टँडवरचे आणखी सातआठ जण गेले. तिथं काय बोलणं झालं ते मी पत्रात नाही लिहू शकत, आई वाचते.

पाटी बदलली. "जुने लोअर आर्म व शॉकअप. आम्ही बनवलेले. वर्षातून एकदा दाखवून जाणे." काढ्यावाले बंद झाले. ठसा मारला. फेब्रुवारी लय खराब गेला, शेडाच्या मालकाले मेघानं थांबवून धरलं. बाबाराव आला, मंग त्याच्या ओळखीचे दोन आले. स्टँडवरचे येऊन राहिले, दाखवाले येते अन् सोबत एकाले घेऊन येते. मेघा आता गिऱ्हाईकाले म्हणते, "नवा पाह्यजे असन तं समोर जा, आमच्याकडं नाही भेटत." अन् ते जात नाही.

काल मनोहरभाऊ आला. पेढे नव्हते. बराच वेळ शॉकअप उलटेपालटे करत राहिला. म्हणे, "लोक माह्या दुकानात येऊन 'जुनावाला' मागून राहिले." मी म्हणलं, नेजा. पण बिनखोक्याचा. अन् पहिलं गिऱ्हाईक माह्यासमोर करा, तोंडानं सांगा.

आज सकाळी त्याच्या काउंटरवर जाऊन उभा राहिलो. एक मास्तर आला, जुनी गाडी, पुढून आवाज येते म्हणे. मनोहरभाऊनं आर्म ठेवला. मास्तरनं विचारलं, "नवा आहे नं?"

ताई, तो माणूस चाळीस वर्षं या बाजारात आहे. आवाज असा का चार दुकानं आयकतीन. तो खाकरला. टॉवेलनं तोंड पुसलं. माह्याकडं पाहलं, पंख्याकडं पाहलं. मंग असा बोलला जसं कोणाच्या मयतीची खबर देऊन राहिला.

"जुना आहे, सर."

मास्तर म्हणे, "मग द्या."

धम्मदीप